पाण्याचा थेंबसुद्धा नाही

दामिनीच्या पायाला भिंगरी आहे असं तिची आई लहानपणापासून म्हणायची, आणि नांदेडच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींचं मतही काही वेगळं नव्हतं. ही बाई खुर्चीत बसून चहा संपवतेय, असं दृश्य कुणी पाहिलेलं नव्हतं. अर्धा कप टेबलावर, उरलेला खिडकीत, आणि बाई तिसरीकडेच. काचेच्या बशांतल्या पेशी एकदा उबदार कपाटात ठेवल्या की त्यांना त्यांच्या त्यांच्या वाढू द्यायचं असतं. पण ही सारखी जाऊन डोकावायची, जणू बघितल्याने त्या लवकर वाढणार होत्या. गावोगाव फिरून रक्ताचे नमुने आणणारा बजरंग तिला म्हणायचा, मॅडम, तुम्ही स्वयंपाकाच्या फंदात पडत नाही ते बरंय, तुमच्या हातचा भात कधी शिजलाच नसता.

त्या हिवाळ्यात तर तिची घालमेल बघवत नव्हती. कारण साधं होतं. इतक्या वर्षांच्या कामाचा निबंध एका मोठ्या नियतकालिकाने जवळजवळ स्वीकारला होता. किरकोळ शंकांची उत्तरं तेवढी पाठवायची राहिली होती. एकदा तो छापून आला की दामिनीने शोधलेली गोष्ट जगाच्या हाती जाणार होती.

ती गोष्ट काय, ते आधी सांगायला हवं. आपण जेवलो की रक्तात साखर उतरते आणि शरीर इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन स्वतः साखर उचलत नाही, ते नुसती हाक मारतं. पेशीच्या अंगावर ती हाक ऐकणारे कान असतात, त्यांना रिसेप्टर म्हणायचं. कानाने हाक ऐकली की आतल्या आत निरोप हातोहात पुढे जातो आणि पेशी साखरेसाठी दार उघडते. दामिनीची सगळी उमेद या कानापासून त्या दारापर्यंतच्या वाटेवर खर्च झाली होती. कान जड झाले तर शरीर आणखी मोठ्याने हाका मारतं, म्हणजे जास्त इन्सुलिन सोडतं, आणि हाका मारून मारून एक दिवस दमतं. तोच मधुमेह. हे सहसा सुटलेल्या पोटाच्या माणसांत होतं. दामिनीला मात्र निलंगा-देवणी भागातल्या काटकुळ्या, दिवसभर राबणाऱ्या माणसांच्या रक्तात सकाळी उपाशीपोटीही इन्सुलिन चढलेलं सापडलं होतं. मुखेडकडच्या तशाच अंगकाठीच्या माणसांत ते नव्हतं. निलंग्याकडची सगळी घरं एकमेकांत सोयरीक करणारी, तिच्याच लिंगायत समाजातली. म्हणजे या घराण्यांत हे कान जन्मतःच जड असणार, असा तिचा निष्कर्ष. पेशींवरच्या प्रयोगातही थोडी मंदी दिसली होती, आणि आपल्याला जे हवं असतं ते थोडंसं दिसलं तरी पुरतं.

आणि तिला ते हवंच होतं. का, तर तिचे वडील.

शिवप्पांची निलंग्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत होती. तूर, सोयाबीन, हरभरा. माणूस असा वाळका की सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा. मोंढ्यात दिवसभर या ढिगावरून त्या ढिगाकडे चालणं, जेवण मोजकं, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. तरी त्यांना साखर झाली, आणि गोळ्या चालू करूनही सकाळचा आकडा काही खाली येईना. डॉक्टरांनी आधी समजावलं, मग चिडले, आणि शेवटी सरळ म्हणाले की शिवप्पा, तुम्ही चोरून गोड खाता. मोंढ्यात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. हमालसुद्धा हसून विचारायला लागले, मालक, पेढे कुठं लपवता? शिवप्पांचं उत्तर दर वेळी एकच. "मी कायबी खाल्लेलं न्हाई. पाण्याचा थेंबसुद्धा न्हाई."

कुणाचा विश्वास बसला नाही. दामिनीचाही नाही. एका दिवाळीत वडील आंघोळीला गेले असताना तिने त्यांच्या पलंगावरच्या गादीखालची किल्ली काढून लाकडी पेटी उघडून पाहिली होती. पेटीत पावत्या होत्या, विभूतीची गोळी होती आणि आईचा तरुणपणीचा एक फोटो होता. पेढे नव्हते. तिने पेटी बंद केली, पण मनातला संशय काही बंद झाला नाही. मोठी शास्त्रज्ञ मुलगी बापाची पेटी हुडकते, याची लाज तिला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिली, आणि ती कुणाजवळ बोलण्याची सोय नव्हती.

म्हणून जेव्हा तिच्या कामात ते जड कान सापडले, तेव्हा तिने सगळ्यांत आधी फोन केला तो निलंग्याला. अप्पा, तुमचा काही दोष नाही, तुमच्या रक्तातच आहे, आपल्या सगळ्यांच्याच आहे. शिवप्पांनी फार काही विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी आडतीवर आलेल्या प्रत्येकाला त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं की वाळक्या माणसाच्या साखरेचं कारण माझ्या लेकीने हुडकलंय, आता पुस्तकात छापून येणार. पेढ्यांची थट्टा त्या दिवसापासून बंद झाली. इतक्या वर्षांनी त्यांची मान ताठ झाली होती आणि ती ताठ करणारी दामिनी होती.

आणि मग एका दुपारी आईचा, रत्नम्मांचा, फोन आला. शिवप्पा मोंढ्यात तुरीच्या ढिगाशेजारी कोसळले होते. घामाने निथळत होते, बोबडं बोलत होते, माणसं ओळखत नव्हते. कुणीतरी शहाण्याने तोंडात साखर घातली आणि दवाखान्यात नेलं. साखर कमी झाली म्हणे.

दामिनीने पर्स उचलली आणि ती बसस्टँडवर गेली. नांदेडहून उदगीर, उदगीरहून निलंगा. एसटीत तिला बसायला जागा मिळाली होती, तरी ती अर्धा रस्ता उभीच राहिली. डोक्यात एकच प्रश्न फिरत होता. ज्या माणसाची सकाळची साखर उपाशीपोटी इतकी चढलेली असते, त्याची दुपारपर्यंत इतकी उतरेलच कशी? गोळ्या जास्त झाल्या म्हणावं, तर आकडे बघूनच त्या वाढवलेल्या होत्या. डॉक्टरांनी तिला तेच कागद पुन्हा दाखवले आणि म्हणाले की हे मोंढ्यात जेवायला उशीर करतात, दुसरं काही नाही. तिला ते पटलं नाही. जेवायला उशीर तर ते जन्मभर करत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवप्पांच्या उपाशीपोटी रक्ताची पुन्हा तपासणी करायची होती. रक्त घेणारा मुलगा घरीच येणार होता. दामिनी नांदेडलाही रोज पूजा करायची, पण माहेरी आली की सगळं माहेरच्या शिस्तीने. आंघोळ करून ती कपाळाला विभूती लावून वडिलांच्या शेजारी चटईवर बसली. शिवप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं, पाणी घातलं, बेल वाहिला, डोळे मिटून बराच वेळ बसले. पूजा होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, हा त्यांच्या घरचा नेम. आजारपणात, प्रवासात, लग्नघाईत कधी मोडला नव्हता. मग नैवेद्य दाखवून झाला आणि रत्नम्मांनी वाटीतलं पंचामृत आधी त्यांच्या तळहातावर वाढलं, मग लेकीच्या. एकदा नाही, नेहमीप्रमाणे तीनदा. उरलेलं शिवप्पांनी वाटीनेच प्यायलं. प्रसाद उरवायचा नसतो.

तेवढ्यात रक्त घेणारा आला. त्याने सुई काढता काढता सवयीने विचारलं, काका, सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं का? शिवप्पा त्याच्याकडे शांतपणे बघत म्हणाले, पाण्याचा थेंबसुद्धा न्हाई.

दामिनीने मान डोलावली. खरं म्हणजे तिची मान आपोआपच डोलली, साक्षीदारासारखी. आणि मग तिच्या जिभेवर साखर लागली. केळ्याचा एक बारीक तुकडा दाढेत अडकला होता.

ती इतक्या झटक्याने उठली की चटईचा कोपरा दुमडला. शिवप्पा खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी त्यांनी काहीही खाल्लेलं नव्हतं. प्रसाद हा खाण्यात मोडतच नाही. आणि ही गोष्ट तिच्याही लेखी इतकी खरी होती की, इतकी वर्षं इन्सुलिनवर काम करूनही, आत्ता डोळ्यांसमोर वाटी रिकामी होताना तिने ती पाहिलीच नव्हती.

स्वयंपाकघरात जाऊन तिने आईला विचारलं, पंचामृतात काय काय घालतेस. रत्नम्मांना वाटलं पोरीला रीत शिकायचीय, त्या खुशीत सांगायला लागल्या. घरच्या गाईचं दूध भरपूर, दही, तूप थोडं, मध, साखर चांगली मूठभर, आणि केळ कुस्करून. दामिनी ऐकत उभी होती. साखर तर होतीच, पण दूध हे इन्सुलिनला साखरेपेक्षाही मोठ्याने उठवतं, हे तिला पाठ होतं. दूध प्यायलेल्या माणसाच्या रक्तात हाका जोरात आणि साखर बेताचीच चढलेली दिसते. म्हणजे अगदी तेच चित्र, जे तिने जड कानांचं म्हणून लिहिलं होतं.

अंगणात येऊन तिने देवणीच्या लक्ष्मम्मांना फोन लावला. लक्ष्मम्मा तिच्या आईची मावसबहीण. देवणीतली सगळी घरं तिने त्यांच्याच ओळखीने गाठली होती. मावशी, आमच्या माणसांना रक्त दिलंत त्या सकाळी काय खाल्लं होतं?

"कायबी न्हाई. तू उपाशी बोलवलंतीस ना?"

"पूजा केली होती?"

"पूजेबिगर घराभायेर पाऊल टाकीन का मी?"

"मग तीर्थ-प्रसाद घेतला असेल."

"घेतला की. ते का खाणं हाय, बाई?" लक्ष्मम्मांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "सगळ्यांनीच घेतला. तुझ्या कामाला यश येऊ दे म्हणून त्या दिवशी जरा जास्तच केलं होतं."

दामिनी अंगणात फेऱ्या घालत राहिली. आई दोनदा नाश्त्याला बोलवायला आली. मुखेडची माणसं अंथरुणातून उठून, तोंड धुऊन थेट बजरंगसमोर बसली होती. निलंगा-देवणीची माणसं पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून, समाधानाने आली होती. दोघांतला फरक म्हणून तिने जो जगासमोर मांडायला घेतला होता, तो एक वाटी पंचामृत होता. आणि हे तिला नाही कळणार तर कुणाला कळणार होतं? पुण्या-मुंबईच्या माणसाने ही चूक केली असती तर ती पोट धरून हसली असती.

नांदेडला परतल्यावर तिने पहिले काही दिवस कुणालाच काही सांगितलं नाही. हे मी लपवणार नाही, कारण तिनेही ते पुढे लपवलं नाही. परीक्षकांनी असला प्रश्न विचारलेला नव्हता आणि विचारणारही नव्हते. ती उत्तरांची फाईल उघडायची, बंद करायची, जिना उतरून गेटपर्यंत जायची, परत यायची. वाटलं, असेना का पंचामृत, त्याखाली खरा फरकही असेलच थोडा. वाटलं, अप्पांची मान नुकती कुठे ताठ झालीय. लातूरला बँकेत असलेला तिचा नवरा उमाशंकर फोनवर विचारायचा, काय चाललंय तुझं, आवाज असा का येतोय, आणि ती म्हणायची, काही नाही, काम. बजरंगने एकदा तिच्या हातातून नळी काढून घेतली, कारण तिने त्या नळीवर चुकीची चिठ्ठी चिकटवली होती.

तिला खात होतं ते मोंढ्यातलं दृश्य. ती तिथे नव्हती, पण तिला ते दिसत होतं: वडील ढिगाशेजारी पडलेले आणि कुणी तोंडात साखर घालतंय. एका खोट्या आकड्यावरून गोळी वाढली आणि माणूस जाता जाता राहिला. उद्या तिचा निबंध वाचून त्या भागातल्या प्रत्येक वाळक्या माणसाची गोळी कुणी आधीच वाढवली तर? आणि ती माणसं तर कुणाची परकी नव्हती. त्यांनी तिच्या यशासाठी पंचामृतात जास्तीची साखर घातली होती.

ती राघवेंद्र सरांकडे गेली. सर म्हणजे तिचे वरिष्ठ, निबंधावर त्यांचंही नाव, निवृत्तीला टेकलेले, मृदू बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले की एक वाक्य घालता येईल, या अभ्यासाच्या मर्यादा म्हणून. सगळेच घालतात. दामिनी उभीच होती. ती म्हणाली, सर, ही मर्यादा नाही, हाच सगळा शोध आहे. सरांनी चष्मा काढून पुन्हा पुसला. त्यांनाही हा निबंध हवा होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि त्यासाठी त्यांचा राग धरावा असं मला वाटत नाही. शेवटी ते म्हणाले, "मागे घेतल्याचं पत्र मी लिहितो. त्यावर पहिली सही माझी असू दे. तू नमुने पुन्हा गोळा करायला लाग."

पुन्हा गोळा करायला लाग म्हणणं सोपं होतं. देवणीत लक्ष्मम्मांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. पूजेआधी सुई टोचून घ्यायची, तर अंगाला विटाळ. पूजेनंतर प्रसाद घ्यायचा नाही, तर त्याहून वाईट. हातावर पडलेला प्रसाद खाली ठेवायचा म्हणजे काय? तू शिकलीस म्हणून असलं सांगायलीस का, असं त्या म्हणाल्या. दामिनी चिडली, मग रडवेली झाली, मग निलंग्याला जाऊन वडिलांसमोर उभी राहिली. निबंध मागे घेतल्याचं तिने अजून त्यांना सांगितलं नव्हतं. एवढंच म्हणाली की सगळ्यांचं रक्त पुन्हा घ्यावं लागतंय, आणि प्रसादावर अडलंय.

शिवप्पा जमाखर्च बघितल्यासारखा विचार करत राहिले. रत्नम्मा म्हणाल्या की देवाच्या कामात तपासणी आणू नका. त्यांच्यात थोडी कानडीत बोलाचाली झाली. मग शिवप्पांनी ठरवलं. नैवेद्य दाखवायचा आणि वाटी झाकून ठेवायची. जोवर तो हातावर पडला नाही तोवर तो खाली ठेवल्याचा दोष येत नाही. मधल्या वेळात रक्त घ्यायचं, मग वाटी उघडायची. सुरुवात स्वतःपासून करतो म्हणाले.

तसं झालं. सकाळी ते चटईवर बसले. पाणी घातलं, बेल वाहिला, नैवेद्य दाखवला. रत्नम्मांनी नाखुशीने वाटीवर ताटली ठेवली. डाव्या तळहातावर इष्टलिंग तसंच होतं, म्हणून शिवप्पांनी बाही सरकवून उजवा हात पुढे केला आणि डोळे न उघडता बजरंगला म्हणाले, घे. बजरंग कित्येक वर्षं रक्त काढत होता, पण त्या दिवशी त्याने आधी चपला बाहेर काढल्या आहेत ना, हे दोनदा पाहिलं. ही गोष्ट शिवप्पांनी स्वतः देवणीला फोन करून सांगितली. मग लक्ष्मम्मांचा नकार टिकला नाही, आणि त्यांच्यामागून एकेक घर तयार झालं. कुठे ताटली, कुठे केळीचं पान, कुठे स्वच्छ रुमाल, प्रत्येक घरात वाटी झाकून ठेवलेली आणि माणसं हात पुढे करून बसलेली. घाई करू नकोस, असं या वेळी दामिनी स्वतःच बजरंगला सांगत होती.

निकाल तिला आधीच माहीत होता, आणि तरी तिने तो कागदावर दोनदा वाचला. निलंगा-देवणी आणि मुखेड, दोन्हींत फरक उरला नव्हता. शिवप्पांची उपाशीपोटीची साखर होती जास्त, पण थोडीच. डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि गोळी निम्म्यावर आणली. पंचामृत यापुढे चमचाभरच घ्यायचं असंही ठरलं. त्याला शिवप्पांनी देवाची हरकत नसेल तर माझी नाही, असं उत्तर दिलं.

त्या संध्याकाळी मोंढा उठल्यावर ती आडतीच्या गादीवर वडिलांजवळ बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. शोध गेला. छापून काही येणार नाही. रक्तात जन्मजात काही आहे असं मी म्हणाले होते, ते चूक होतं. तुम्ही लोकांना चहा पाजलात, त्यांना आता काय सांगाल ते मला कळत नाही. बोलता बोलता ती गादीचा दोरा ओढत होती.

शिवप्पांनी तिचा हात दोऱ्यावरून बाजूला केला. "म्हंजे मी चोरून खात न्हवतो, हे ठरलं का न्हाई?"

"ठरलं, अप्पा."

"मग लोकांना तेवढं सांगतो."

तिला रडू आलं. तिने पेटीचं सांगितलं. दिवाळीचं, गादीखालच्या किल्लीचं. शिवप्पा समोरच्या ओट्याकडे बघत म्हणाले, "म्हाईत हाय. किल्ली माझ्या कमरंला असायची, मीच गादीखाली ठिवली. म्हटलं पोरीच्या मनाची शंका फिटू दे." मग त्यांनी विचारलं, की मग मला साखर झाली ती कशानं? तिने खरं तेच सांगितलं, माहीत नाही. ते नुसते हं म्हणाले. आणि उठता उठता, दिवा मालवताना, सहज विचारल्यासारखं बोलले, "आन् तुझं? तुझं बगितलंस का पुन्हा?"

तिने पाहिलं नव्हतं. पहिल्या नमुन्यांत तिचं स्वतःचं रक्त होतं, निलंग्याचीच म्हणून आणि वाळकी म्हणून. तेही चढलेलं आलं होतं. पण नांदेडला ती पूजा रोज करायची आणि आईच्या सवयीने दुधाचा प्रसादही घ्यायची, तेव्हा तिने ते पंचामृताच्या खात्यावर टाकून दिलं होतं. सगळ्यांच्या वाट्या झाकल्या, तिची राहून गेली होती.

नांदेडला आल्यावर तिने ती झाकली. पूजा करून, वाटीवर बशी ठेवून, तशीच प्रयोगशाळेत आली आणि बजरंगसमोर बाही सरकवली. बजरंगने सवयीने विचारलं, मॅडम, काही खाल्लं-प्यायलं? तिने नाही म्हटलं. इन्सुलिन चढलेलंच होतं. जितकं आधी होतं त्याहून थोडंच कमी. तिने दुसऱ्या आठवड्यात पुन्हा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. इतक्या माणसांतून जी गोष्ट पुसली गेली होती, ती एका ठिकाणी उरली होती. ती कागद घेऊन गच्चीवर गेली, खाली आली, परत गच्चीवर गेली. भीती वाटत होती, आणि भीतीच्या आत कुठेतरी जुनी उत्सुकताही चाळवली होती. त्या उत्सुकतेचा तिला रागही आला.

शेवटी तिने निलंग्याला फोन लावला. पलीकडे मोंढ्याचा गलका होता. ती म्हणाली, अप्पा, माझं वाढलेलंच आहे. शिवप्पांनी कुणाला तरी गप्प बसायला सांगितलं.

"नीट बगितलंस ना? प्रसाद घेतला न्हवतास?"

"नाही अप्पा. काहीच नाही." ती चालता चालता थांबली. "पाण्याचा थेंबसुद्धा नाही."

"बरं," शिवप्पा म्हणाले. "माझा इश्वास हाय."